धागा : माळावरच्या शेततळ्यात मासे आले कुठून?

माळराखा – १९ जून, रात्री ९.१०

माण तालुक्यात आमची थोडी माळाची जमीन आहे. तीन वर्षांमागे उन्हाळ्यात तिथे शेततळं काढलं. तीस मीटर बाय तीस मीटर, खोली तीन मीटर. प्लास्टिकचा कागद घातलेला नाही. तळाला मुरूम आहे, त्यामुळे पाणी मुरतं आणि उरलेलं ऊन पितं. पहिल्या वर्षी होळीला तळ कोरडा झाला. दुसऱ्या वर्षी चैत्रात तळाला हात जाईल अशा भेगा पडल्या होत्या, मी स्वतः उतरून पाहिल्या. गेल्या पावसाळ्यात मात्र भरपूर पाणी आलं आणि यंदा पहिल्यांदाच उन्हाळाभर कमरेएवढं पाणी टिकलं.

काल संध्याकाळी काठावर बसलो होतो. पाण्यात काहीतरी चुळबुळ दिसली म्हणून वाकून पाहिलं, तर मासे! बोटाच्या पेरापासून दीड इंचापर्यंत, थवेच्या थवे. ओंजळ घातली तर दोन-तीन हातात येतील इतके.

आता अडचण अशी की हे तळं उंचावर आहे. ओढा इथून अर्धा किलोमीटर खाली. ओढ्याचं पाणी वर चढायचा प्रश्नच नाही, तळ्यात येतं ते फक्त माळावरून वाहून आलेलं पावसाचं पाणी. मोटारीने पाणी कधी सोडलेलं नाही. मत्स्यबीज कुणी सोडलेलं नाही. मग मासे आले कुठून?

माझे वडील म्हणतात, पाणी आलं की मासे येतातच, जमिनीतच असतात. मला ते पटत नाही, पण दुसरं उत्तरही माझ्याकडे नाही. तळं काढलं त्या दिवसापासून मी तिथे काय काय येतं ते वहीत लिहितोय. कुणाला उपयोग असेल तर सगळं टाकीन.

वलगण – १९ जून, रात्री १०.०२

माळराखा, वही जरूर टाका.

आमच्या कोकणात मासे चालून येताना मी पाहिलेले आहेत. पहिला जोराचा पाऊस झाला की नदीतले मासे अंडी घालायला उलटे वर चढतात, वहाळातून भातखाचरात येतात. त्याला आम्ही वलगण म्हणतो. घाटावर चढणीचे मासे म्हणतात. चार बोटं पाण्यातून आडवे होऊन सळसळत जातात. मरळ आणि डोकऱ्या तर हवेतून श्वास घेऊ शकतात, ओल्या गवतातून सरपटत एका डबक्यातून दुसऱ्यात जातात. पण त्यासाठी ओल सलग लागते. तुमच्या माळावर अर्धा किलोमीटर चढ म्हणजे कठीण आहे.

मासे दिसायला कसे आहेत ते सांगा. तोंड वर आहे की खाली, शेपटी कशी, सगळे एकसारखे आहेत का?

निवळी – २० जून, सकाळी ७.३५

पक्ष्यांच्या पायाला चिकटून माशांची अंडी येतात, असं आपण सगळ्यांनीच ऐकलेलं असतं. मी बरीच वर्षं पाणथळ जागा बघत फिरते आहे, त्यामुळे यावर जे माहीत आहे ते लिहिते.

या प्रश्नाच्या मागे आधी लागला तो चार्ल्स डार्विन. त्याने बदकाचे पाय पाण्यातल्या गोगलगायींच्या नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांमध्ये बुडवून ठेवले. पिल्लं पायांना अशी घट्ट चिकटली की झटकूनही निघेनात, आणि पाण्याबाहेर दमट हवेत बारा ते वीस तास जगली. तेवढ्या वेळात बदक शेकडो मैल जातं. एका लहान तळ्याच्या काठचा तीन चमचे चिखल त्याने घरी नेला, वाळल्यावर त्याचं वजन भरलं पावणेसात औंस, म्हणजे दोनशे ग्रॅमच्याही आत. सहा महिने तो चिखल झाकून ठेवला आणि उगवेल ते रोप उपटून मोजत गेला. ५३७ रोपं! एका कपात मावेल एवढ्या चिखलात. वंचक तुमच्या काठावर तासन्‌तास एका पायावर उभा असतो ना, त्याच्या बोटांना लागलेला चिखल आता जरा वेगळ्या नजरेने बघा.

पण हे झालं गोगलगायी आणि बियांचं. माशांच्या अंड्यांचं उत्तर अगदी अलीकडचं आहे. २०२० साली हंगेरीतल्या संशोधकांनी बदकांना कार्प जातीच्या माशांची फलित अंडी खाऊ घातली आणि विष्ठा तपासली. पाचशेत एखादंच अंडं, म्हणजे ०.२ टक्के, जिवंत बाहेर आलं, आणि त्यातल्या काहींतून पिल्लंही निघाली. ०.२ टक्के ऐकायला काहीच नाही. पण एक मादी लाखांनी अंडी घालते आणि बदकं ती मिटक्या मारत खातात, हे लक्षात घेतलं तर तो आकडा लहान राहत नाही.

तरीही तुमच्या बाबतीत मला शंका आहे. अशी एक-दोन पिल्लं आली तर वर्षभरात थवे होणार नाहीत. वलगण यांनी विचारलंय तेच मीही विचारते, मासे दिसतात कसे?

माळराखा – २० जून, रात्री ८.५०

आज काचेच्या बरणीत घेऊन पाहिले. दोन प्रकार दिसतात. मोठे आहेत ते करडे, पोट फुगलेलं, शेपटीच्या अलीकडे पोटावर काळसर डाग. लहान आहेत त्यांच्या अंगावर केशरी-काळे ठिपके, शेपटी रंगीत, आणि ते सारखे मोठ्यांच्या मागे. तोंड वरच्या बाजूला. अंडी कुठे दिसली नाहीत. पण पेरापेक्षाही बारीक पिल्लं, नुसते दोन डोळे आणि एक रेघ, काठच्या शेवाळात हजारोंनी.

आता वहीबद्दल. पहिल्या वर्षी तळं भरलं जूनअखेरीस. जुलैच्या पहिल्या आठवड्यातली नोंद अशी : "पाणी चहासारखं. चतुर आले. पिवळसर तांबूस. दोघं जोडीने उडत पाण्याला शेपटी टेकवतात." तोवर त्या पाण्यात काहीही नव्हतं, गवताची काडी नव्हती. मग रात्री बॅटरीच्या उजेडात पाणभुंगेरे, पाठीवर पोहणारे किडे. ऑगस्टमध्ये हिरवं शेवाळ. सप्टेंबरात टिबुकलीची जोडी, आठ दिवस राहून गेली. दुसऱ्या वर्षी पाणकणीस उगवलं, नैऋत्येच्या कोपऱ्यात, तीनच ताटं. आता तो कोपरा पूर्ण भरलाय. बेडकांचं तर विचारूच नका. दुसऱ्या वर्षी पहिल्या पावसाच्या रात्री हळदीसारखे पिवळेधमक बेडूक काठावर, आणि त्यांचा आवाज घरापर्यंत. पंधरा दिवसांनी पाणी डिंभांनी, म्हणजे बेडकांच्या शेपटीवाल्या पिल्लांनी, काळं झालं होतं.

माझं लक्ष सारखं एका गोष्टीकडे जातं. वहीत आलेल्यांची यादी मोठी आहे, राहिलेल्यांची अगदी छोटी. काठावर कमळाचं एक पान उगवलं होतं, गेलं. कुठली तरी लांब शेपटीची पाकोळी दोन दिवस घिरट्या घालून गेली. येणं सोपं दिसतं, राहणं अवघड. मासे मात्र आले आणि एका वर्षात मालक झाले. त्यांना काय जमलं जे बाकीच्यांना जमलं नाही?

भूगोलवाली – २१ जून, दुपारी २.१५

"येणं सोपं, राहणं अवघड" यावर मी दरवर्षी नववीच्या वर्गाला क्राकाटोआची गोष्ट सांगते. इथेही सांगते.

जावा आणि सुमात्रा यांच्या मधल्या समुद्रात हे ज्वालामुखीचं बेट. २६ आणि २७ ऑगस्ट १८८३ ला ते फुटलं. बेटाचा बराचसा भाग समुद्रात गेला. उरला त्यावर गरम राखेचे थर बसले. जीव म्हणून काही राहिलं नाही. नऊ महिन्यांनी, मे १८८४ मध्ये, एक पथक तिथे उतरलं. एडमंड कॉटो नावाच्या निसर्गअभ्यासकाने दिवसभर शोध शोध शोधलं. त्याला एकच सजीव सापडला : एक इवलासा कोळी, जाळं विणत बसलेला.

तो तिथे आला कसा? कोळ्याची पिल्लं उंच जागी चढून मागचं अंग वर करतात आणि रेशमाचा धागा सोडतात. वारा तो धागा उचलतो आणि धाग्याबरोबर पिल्लूही. आपल्याकडे रुईची म्हातारी उडते तसंच. चाळीसेक किलोमीटर समुद्र ओलांडून तो राखेवर उतरला. आणि जाळं विणलं. ज्या बेटावर एक माशीसुद्धा नाही तिथे! तो पोचला, पण त्याचं तिथे भागणार नव्हतं. मुलं इथे नेहमी गप्प होतात.

तीन वर्षांनी, १८८६ मध्ये, मेल्चिओर ट्रॉइब गेले. राखेवर निळ्या-हिरव्या शेवाळाचा बुळबुळीत पापुद्रा धरला होता आणि त्या ओलाव्यावर नेचे उगवले होते, अकरा जातींचे. नेच्यांना बी नसतं, धुळीसारखे बीजाणू असतात, ते वाऱ्यावर कुठेही जातात. किनाऱ्यावर वेगळीच मंडळी होती : ज्यांच्या बिया खाऱ्या पाण्यात तरंगतात आणि मरत नाहीत अशी किनाऱ्याची झाडं. पुढे गवत आलं. गवत आल्यावर किडे, किडे आल्यावर पक्षी, पक्षी आणि वटवाघळं आल्यावर त्यांच्या पोटातून उंबराच्या कुळातली झाडं. पन्नास वर्षांत तिथे पुन्हा रान उभं राहिलं.

उंबराचं तर दुहेरी कौतुक. बी वटवाघळाने आणलं तरी पुढे फळ धरायला त्या-त्या जातीची खास चिलट-माशी लागते. उंबर फोडलं की आत दिसतात ते किडे. ती आली नाही तर झाड वाढेल, पण त्याचं पोर होणार नाही. ती इवली माशीसुद्धा वाऱ्यावर समुद्र पार करून पोचली, म्हणून ते रान झालं.

माळराखा, तुमच्या वहीतला क्रमही असाच आहे. कमळाचं पान गेलं, कारण तेव्हा तळाला गाळ नव्हता, नुसता मुरूम होता. तीन वर्षांचा गाळ साठलाय, आता आलं तर कदाचित राहील.

काळी माती – २१ जून, रात्री ९.४५

मी लातूरकडचा शेतकरी. आमच्याकडे नवीन जीव वसला की काय होतं ते सांगतो.

२०२२ च्या जुलैत सोयाबीन दोन पानांवर होतं. सकाळी शेतात गेलो तर तास दिसत होते, रोपं नव्हती. देठ तेवढे उभे. बांधाकडेचा दगड उलटा केला, खाली शंखी गोगलगायी एकमेकींना चिकटून. लातूर, बीड, धाराशिव, सगळीकडे तीच गत. दुबार पेरणी केली, तीही खाल्ली. त्या वर्षी मी पावसाकडे बघणं सोडून जमिनीकडे बघत होतो.

ही गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेतली. १८४७ साली मॉरिशसहून कलकत्त्याला आणली गेली आणि तिथल्या बागेत सोडली गेली. तिथून लातूरपर्यंत ती स्वतः चालत आली असं कुणी म्हणणार नाही. रोपवाटिकेतल्या पिशव्यांमधून, वाळूच्या गाडीतून, शेणखतातून, विटांच्या ट्रकमधून आली. एकीच्या अंगात नर-मादी दोन्ही असतात, त्यामुळे भेटणाऱ्या दोघींपैकी प्रत्येकीला अंडी होतात, एका वेळी शंभर-दोनशे. उन्हाळ्यात जमिनीत शिरून शंखाच्या तोंडावर पडदा ओढून झोपते. माणसाला वाटतं गेली. पहिल्या पावसात वर येते.

संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं बांधाकडेने टाकायची, पहाटे खालच्या गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात टाकायच्या, बांधाला चुन्याचा पट्टा ओढायचा. हे एकट्याच्या शेतात करून भागत नाही. शेजाऱ्याने केलं नाही तर तुमचं केलेलं वाया. गाव मिळून वेचलं तिथेच पीक हाती लागलं.

तुमचे मासे कुठले का असेनात, सांडव्यातून खाली जाऊ देऊ नका. हे आधी करा, मग चर्चा.

माळराखा – २२ जून, सकाळी ६.२०

काळी माती दादा, तुमचं वाचून रात्री झोप आली नाही. सांडवा खालच्या वगळीत उतरतो आणि वगळ ओढ्यात. तळं काठोकाठ भरायला अजून पाच फूट आहे. आज बघतो.

परदेशी पाखरू – २२ जून, दुपारी ४.००

धागा वाचताना मला मोम्बासा आठवलं. कामानिमित्त चार वर्षं केनियात होतो. पहिल्या सकाळी खिडकीत कावकाव ऐकली आणि डोळ्यांत पाणी आलं. आपलाच कावळा! राखाडी मानेचा, घरासमोरच्या तारेवर बसतो तो. आईच्या श्राद्धाला मी तिथेच गॅलरीत पान ठेवलं आणि तो लगेच शिवला.

मग शेजारच्या स्वाहिली बाईंनी मला सांगितलं की त्यांना 'कुंगुरु' नकोसा झालाय. १८९० च्या सुमाराला झांझिबारमध्ये कचरा साफ करायला म्हणून तो मुद्दाम आणला. जहाजांवर बसूनही तो कुठेकुठे गेला आहे. तिथून पूर्व आफ्रिकेचा सगळा किनारा त्याने व्यापला. सुगरणीची घरटी फाडून अंडी खातो, कोंबडीची पिल्लं उचलतो, स्थानिक पक्षी हुसकावतो. २०२४ मध्ये तर केनिया सरकारने दहा लाख कावळे संपवायचं जाहीर केलं.

आपल्या साळुंकीचंही तेच. १८६२ मध्ये मेलबर्नला पिकांवरचे किडे खाईल म्हणून नेली, आता ऑस्ट्रेलियात तिच्यावर लोक चिडून असतात, कारण झाडांच्या ढोल्या ती बळकावते. मला हे बोचतं. आपण गाजर गवताला आणि घाणेरीला परकं म्हणून नावं ठेवतो. तिकडे परके आपण आहोत. पाखराला कुठे ठाऊक असतं आपण कुठले ते.

एक मात्र मी तिथे बघितलं. कावळा भरलाय तो शहरात, बंदरात, हॉटेलांच्या मागे, जिथे उघडा कचरा आहे तिथे. दाट रानात त्याची संख्या नव्हती. त्याच्यासाठी पान मांडून ठेवलं होतं ते माणसानेच.

आरोग्यसेविका – २२ जून, रात्री ८.३०

माळराखा दादा, तुम्ही केलेलं वर्णन वाचून माझी खात्री आहे. हे गप्पी मासे आहेत. करडी मोठी ती मादी, रंगीत छोटा तो नर, मादीच्या पोटावरचा काळा डाग म्हणजे आतली पिल्लं. गप्पी अंडी घालत नाही, पिल्लं देते, म्हणून तुम्हाला अंडी दिसली नाहीत. आम्हीच ते गावोगावी हौदात, विहिरीत सोडतो, पैदास केंद्रातून आणून. डासांच्या अळ्या खातात. मी पंधरा वर्षं हे काम करते आहे. डेंग्यूने तापलेलं लेकरू मांडीवर घेऊन बसलेली आई मी पाहिली आहे, त्यामुळे गप्पीला कुणी सरसकट वाईट म्हटलं तर मला वाईट वाटेल.

पण हेही सांगते की तो सोडायचा बंद हौदात, टाकीत, जिथून पाणी बाहेर वाहत नाही तिथे. ओढ्यात, तळ्यात सोडायचा नाही. गावात कुठे सोडले होते का चौकशी करा.

निवळी – २२ जून, रात्री १०.१०

गप्पी असेल तर "एका वर्षात मालक कसे झाले" याचं उत्तर मिळालं. हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला आणि त्रिनिदादचा. मादी नराचं बीज अंगात कित्येक महिने साठवून ठेवते. नर जवळ नसला तरी दर महिन्याला पिल्लं देत राहते. त्रिनिदादमध्ये संशोधकांनी एकेक गाभण मादी वेगवेगळ्या टाक्यांत एकटी सोडून पाहिली, तर बहुतेक टाक्यांत तिच्या एकटीच्या पोटी वंश उभा राहिला. कावळ्यालासुद्धा जोडी लागते. हिला फक्त पाणी लागतं.

बाकीचे जीव कुठे अडतात पाहा. कोळ्याला भक्ष्य नव्हतं, उंबराला माशी हवी, कमळाला गाळ हवा. ज्याच्या अटी कमी, तो आधी वसतो. माळराखांच्या वहीतला पहिला पाहुणा, तो पिवळसर तांबूस चतुर, अशाच स्वभावाचा आहे. त्याची अळी दीड-दोन महिन्यांत पाण्याबाहेर येते, डबकं आटायच्या आत. तुमच्या तळ्यावर ऑक्टोबरपर्यंत दिसून नंतर गायब होत असेल तर तो कुठे जातो ते ऐका. मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन नावाच्या जीवशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की दर ऑक्टोबरात तिथे लाखो चतुर उतरतात, आणि मालदीवमध्ये तर उघडं गोडं पाणी जवळजवळ नाही. २००९ मध्ये त्याने मांडलं की ते भारतातून वाऱ्याबरोबर निघून मालदीव, सेशेल्स करत आफ्रिकेत जातात, तिथल्या पावसात पिल्लावळ होते आणि पुढच्या पिढ्या नैऋत्य वाऱ्याबरोबर परततात. जाऊन-येऊन चौदा ते अठरा हजार किलोमीटर. पाच सेंटीमीटरचा जीव. तुमच्या माळावर जुलैच्या सुरुवातीला शेपटी टेकवतो तो बहुधा तिकडून आलेल्यांच्या रक्ताचा.

वलगण – २३ जून, सकाळी ८.०५

निवळीताई, मग डिंभांचं काय? गप्पी बेडकाची अंडी खातो का?

निवळी – २३ जून, सकाळी ११.२०

बारीक, मऊ जे तोंडात मावेल ते खातो, त्यात अंडी आणि अगदी कोवळे डिंभही आले. पण "बेडूक कमी झाले ते गप्पीमुळेच" असं एका वर्षावरून कुणी म्हणू नये, पाऊसही लांबलाय.

बेडकावरून एक सांगायचं राहिलं. माळराखांनी लिहिलेला हळदीसारखा पिवळा बेडूक इथे आपला, पण अंदमानात तो पाहुणा म्हणून गेला आणि तिथल्या लहान जीवांना भारी पडला. तळ्यांसाठी मुख्य भूमीवरून नेलेल्या मत्स्यबीजातून त्याचे डिंभ गेले असावेत असं अभ्यासकांचं मत आहे. त्याचे डिंभ दुसऱ्या बेडकांचे डिंभ खातात.

बाभूळबन – २३ जून, दुपारी १.४०

सगळं वाचतोय. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. इतकी काळजी कशाला? मिरची, बटाटा, पेरू, सीताफळ, भुईमूग, काजू, हे सगळं अमेरिकेतून आलेलं. सीताफळ तर आपल्या डोंगरांवर कुणी न लावता उगवतं. भाकरीबरोबर ठेचा नसता तर आपण कोण असतो? येऊ देत जे येईल ते. निसर्ग आपली घडी बसवतो.

काळी माती – २३ जून, रात्री ९.००

बाभूळबन, घडी बसते हे खरं, पण बसेपर्यंत मधली माणसं आणि मधले जीव कुणाचे? मिरची माझ्या शेतात मी लावली तर येते, नाही लावली तर येत नाही. गोगलगायीने मला विचारलं नव्हतं. फरक परकं-आपलं हा नाहीच. कुणाला आवरता येतं आणि कुणाला नाही, एवढाच आहे.

आजोबा सांगायचे, त्यांच्या लहानपणी फड्या निवडुंगाने अख्खी गायरानं अडवली होती, गुरांना वाट नव्हती. तोही अमेरिकेतलाच. १९२६ मध्ये त्याच्यावरचा पिठ्यासारखा पांढरा किडा श्रीलंकेतून आणून सोडला आणि निवडुंग वाळून आडवा झाला. तो किडा निवडुंगाखेरीज कशाला शिवत नाही म्हणून साधलं. गप्पीचं तसं नाही, तो समोर येईल ते खातो.

भूगोलवाली – २४ जून, सकाळी ७.००

आणि सडा, माळ, गवताळ राने यांना आपण 'पडीक' म्हणतो, तिथे उकरतो, मुरूम काढतो, रस्ता करतो. उघड्या पडलेल्या त्या जागेत गाजर गवत आधी येतं. १९५५ च्या सुमाराला ते पुण्यात पहिल्यांदा दिसलं, तेव्हापासून जिथे माती उलटीपालटी झाली तिथे ते आहेच. शाळेच्या सहलीत मुलांना मी हेच मोजायला लावते. रस्त्याच्या कडेपासून पन्नास पावलं आत जा आणि दर दहा पावलांवर गाजर गवत मोजा. न उकरलेल्या, कुसळीने भरलेल्या माळावर मुलांचा आकडा झपाझप खाली येतो. एकदा एका मुलाने ओल्या तळहातावर कुसळ ठेवलं. ते सुतासारखं पीळ सोडत फिरायला लागलं आणि मुलगा ओरडला, "बाई, हे जिवंत आहे!" पाऊस पडला की कुसळ असंच फिरत फिरत टोकाने बी जमिनीत रोवतं. ज्या जमिनीत असं रोवून बसलेलं बी ठासून भरलंय, तिथे पाहुण्याला पाय ठेवायला जागा कमी.

माळराखा – २८ जून, रात्री ९.३०

चार दिवस इथे येता आलं नाही. उत्तर सापडलं आहे.

आरोग्यसेविका ताईंनी सांगितल्यावर मी गावात विचारलं. गेल्या श्रावणात शाळेजवळच्या गुरांच्या हौदात गप्पी सोडले होते. हौद तळ्यापासून दीड किलोमीटर. तिथून माझ्या तळ्यात कसे, हे कुणालाच सांगता येईना. रात्री जेवताना मी हे घरात बोललो तर माझी मुलगी, पाचवीत आहे, ताटावरून उठून आत गेली. तिची आई मागे गेली. बऱ्याच वेळाने बाहेर आली ती रडत.

गेल्या वर्षी गावात कोरडा दिवस पाळायचा म्हणून दवंडी झाली. सगळ्यांनी टाक्या, हौद रिकामे करून घासायचे. तिला वाटलं, हौद रिकामा केला तर मासे मरणार. शाळा सुटल्यावर दुधाची किटली घेऊन गेली, सापडले तेवढे मासे त्यात घेतले आणि दीड किलोमीटर चालत आणून आपल्या तळ्यात सोडले. सात होते म्हणाली. वाटेत दोनदा थांबून झाकण उघडून त्यांना हवा दिली.

मी तिला रागावलो नाही. रागावणार कशासाठी? वडिलांना मात्र सांगितलं, जमिनीतून नाही आले, तुमच्या नातीच्या किटलीतून आले.

तिला हा सगळा धागा वाचून दाखवला. कोळ्याची गोष्ट दोनदा वाचायला लावली. मग तिने विचारलं, "मग आता माशांना मारायचं?" सध्या आम्ही दोघांनी ठरवलंय ते असं. सांडव्याच्या तोंडाला मच्छरदाणीचं कापड दुहेरी करून, मागे बारीक जाळी लावून, दगडांत पक्कं बांधलं. काल तिने आणि मी मिळून ते केलं. तळ्यातून सांडव्याकडे जाणारा चरही अर्धा हात उंच केला. पाणी जास्त चढलं तर ते आमच्याच ज्वारीच्या तुकड्यात मुरेल, वगळीत जाणार नाही. जाळीने पकडता येतील तेवढे मासे काढून परत शाळेच्या हौदात. होळीनंतर उरलेलं पाणी मोटारीने डाळिंबाला देऊन तळ कोरडा करायचा, दुसऱ्या वर्षासारख्या भेगा पडेपर्यंत. बेडूक, पाणकणीस, पाणभुंगेरे यांनी तसे दोन उन्हाळे काढले आहेत.

आरोग्यसेविका ताई, कोरड्या दिवशी हौदातले मासे बादलीत काढून ठेवायचे आणि हौद घासून झाला की परत सोडायचे, एवढं दवंडीत सांगता येईल का?

आरोग्यसेविका – २८ जून, रात्री १०.०५

दादा, पुढच्या वेळी पहिलं वाक्य तेच असेल. लेकीला माझ्याकडून जवळ घ्या.

काळी माती – २९ जून, पहाटे ५.५०

जाळी पावसात रोज बघा. काडीकचरा अडकून पाणी वरून उलटतं. आमच्याकडे चाऱ्यांना लावलेल्या जाळ्या तशाच गेल्या.

माळराखा – ६ जुलै, संध्याकाळी ७.१५

रोज बघतोय, दादा. सकाळी मी, शाळेतून आल्यावर ती. आत्तापर्यंत एकशे चाळीस गप्पी हौदात पोचले, त्याच किटलीतून.

वही आता तिच्याकडे आहे. काल पहिला जोराचा पाऊस झाला. आजची नोंद तिच्या अक्षरात अशी आहे : "चतुर आले. नऊ जोड्या. पाण्याला शेपटी लावतात. पाणकणसाजवळ एक हिरवं गोल पान आहे, पैशाएवढं. कोणी आणलं माहीत नाही. रात्री एक बेडूक ओरडला, मग दुसरा."

निवळी – ६ जुलै, रात्री ८.००

त्या पानाचा फोटो टाका. देठ पानाच्या कडेला आहे की मधोमध, तेवढं तिला बघायला सांगा.